पाहुणा देव नको, माणूस हवा

दरवर्षी जुलै-ऑगस्ट आला की आपल्या तरुणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच धाटणीचे निरोप फिरू लागतात. 'लंडनला ॲडमिशन झाली आहे. रूम मिळेपर्यंत आठ-दहा दिवस कुणाकडे राहता येईल का?' राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ७५ जागा आहेत. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती वेगळी. ज्यांच्या आजोबांना गावच्या चावडीच्या पायरीवर टेकायची मुभा नव्हती, त्यांची नातवंडे आज हीथ्रोला उतरत आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्या निरोपाखाली जे सल्ले येतात त्यांचा समाचार घेणे आम्हाला गरजेचे वाटते. सल्ला ठरलेला असतो : 'वेम्बली-हॅरो भागात भारतीयांची घरे भरपूर आहेत. आपल्या माणसांत राहा. जेवणाचे हाल होणार नाहीत.'

'आपली माणसे' म्हणजे कोण? आमचे भांडण या दोन शब्दांशी आहे.

आमचे म्हणणे आधीच स्पष्ट सांगतो. परक्या शहरात गेलात तर जमेल तितके दिवस त्या शहरातल्या स्थानिक माणसाच्या घरी पाहुणा म्हणून राहा. त्याच्या स्वयंपाकघरात शिरा, त्याच्या टेबलावर जेवा, त्याच्याशी वाद घाला. आणि परत आल्यावर आपल्या घराचे दार अनोळखी माणसाला उघडा. याला कुणी हौस म्हणेल, कुणी फुकटेपणा म्हणेल. आम्ही याला जातिअंताच्या लढाईतले एक छोटे पण खरे काम समजतो. ते का, ते सांगतो.

देव मानलेल्या पाहुण्याची गोष्ट

भारताच्या पर्यटन खात्याने अतिथीला देव मानणारे संस्कृत वचन घोषवाक्य करून जाहिरात केली. विमानतळावर हात जोडलेली मूर्ती उभी केली की संस्कृतीचे प्रदर्शन पूर्ण होते. प्रश्न एवढाच की या देशात अतिथी होण्याचा हक्क कुणाला होता?

उत्तर बडोद्यात शोधा. कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. घेतलेला, लंडनला शिकून आलेला एक तरुण १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेला. स्टेशनवर उतरताच त्याच्यापुढे प्रश्न उभा राहिला : जायचे कुठे? हिंदूंच्या उतारशाळेत सोय होणार नव्हती. शेवटी एका पारशी सराईत, रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहून, रोज दीड रुपया भाड्याने त्याला खोली मिळाली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात येऊन उभे राहिले. त्या दिवशी त्याने दोन मित्रांना विचारून पाहिले. एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारावे लागेल असे सांगितले. ते घराणे मूळचे ब्राह्मण होते. सार्वजनिक बागेत पाच तास काढून त्या तरुणाने रात्रीची मुंबईची गाडी पकडली.

हा तरुण म्हणजे बाबासाहेब. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात त्यांनीच हे लिहून ठेवले आहे. त्यात ते हेही नोंदवतात की युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. परक्या देशात ज्याला घर मिळाले त्याला स्वतःच्या देशात मिळाले नाही, आणि तो देश आज जगाला पाहुणचार शिकवतो आहे!

बाबासाहेबांना परदेशात भेटलेले सगळेच यजमान थोर होते असे नाही. धनंजय कीर यांच्या चरित्रात लंडनच्या त्या घरमालकिणीचे वर्णन येते. नाश्त्याला पावाचा तुकडा, थोडी मासळी आणि कपभर बोव्हरिल. यापलीकडे तिचा हात जात नसे. बाई कंजूष होती. पण तिचा कंजूषपणा सगळ्या भाडेकरूंना सारखा होता. पैशाच्या लोभाशी भांडता येते, जास्त पैसे देऊन तो भागवताही येतो. जन्मावर रोखलेल्या नकाराला कोणते भाडे पुरणार?

कायदा हॉटेलपर्यंत पोहोचतो

१९२७ साली महाडला आपण पाण्यासाठी लढलो. ते तळे सार्वजनिक होते, म्हणून हक्क सांगता आला. पुढे संविधानाच्या कलम १५(२) ने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते सर्वांना खुले केले. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. आज एखाद्या हॉटेलवाल्याने जात विचारून खोली नाकारली तर त्याला कोर्टात खेचता येते.

पण घर त्या यादीत नाही. कुणाला ओट्यावर बसवायचे, कुणाला आत घ्यायचे, कुणाचा कप वेगळा ठेवायचा, हे ठरवणारा माणूस घरमालक असतो आणि तिथे पोलीस जात नाहीत. म्हणून जात रस्त्यावरून हटली की घरात जाऊन बसते. घर हा तिचा शेवटचा किल्ला आहे. शहरात भाड्याचे घर शोधणाऱ्या आपल्या प्रत्येक माणसाला हे ठाऊक आहे. आडनाव सांगेपर्यंत खोली रिकामी असते, सांगितल्यावर 'कालच दिली हो' होते.

बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन'मध्ये आदर्श समाजाबद्दल सांगताना संपर्काच्या अनेक मोकळ्या वाटांचा आग्रह धरला आहे. एका गटातले अनुभव दुसऱ्या गटात झिरपले पाहिजेत, तरच बंधुता जन्माला येते. नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही हेही त्यांनीच बजावले. तेव्हा अनोळखी माणसाच्या घरी चार रात्री झोपल्याने जातीचा अंत होईल असा दावा आम्ही करत नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. कायदा ज्या दारापाशी थांबतो ते दार कुणी स्वेच्छेने उघडत असेल, तर ती बंधुतेची प्रत्यक्ष कृती आहे. ती जगात कुठे घडते, कशी घडते, हे शिकून घेणे आपल्या कामाचे आहे.

परदेशातली 'आपली' घरे

आता त्या सल्ल्याकडे वळू. लंडनच्या भारतीय वस्त्यांतल्या खोल्यांच्या जाहिराती पाहा. 'फक्त शाकाहारी', 'संस्कारी कुटुंब', 'अमुक समाजाला प्राधान्य'. शाकाहाराची अट वरवर जेवणाची दिसते. आपण मात्र तिचा अर्थ लहानपणापासून ओळखतो. घरमालक फोनवर गाव विचारतो, मग आडनाव, मग 'घरी कोणता देव?' समुद्र ओलांडला तरी प्रश्नपत्रिका तीच. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो म्हणणाऱ्यांची नातवंडे जात मात्र कोरडी ठेवून पलीकडे पोहोचली.

ब्रिटनमधले एक प्रकरण सगळ्यांनी लक्षात ठेवावे. बिहारमधल्या एका आदिवासी स्त्रीला तिथल्या एका भारतीय कुटुंबाने घरकामाला नेले. चार वर्षांहून अधिक काळ ती त्या घरात होती. दिवसाला अठरा तास काम, आठवड्याचे सातही दिवस, तासाला ११ पेन्स मजुरी, झोपायला जमिनीवर फोमची गादी. २०१५ साली न्यायाधिकरणाने तिला सुमारे १ लाख ८४ हजार पौंड थकीत वेतन देण्याचा आदेश दिला. ते घरही भारतीयच होते. तिला सल्ला देणारेही म्हणाले असतील, आपल्या माणसांत चालली आहेस.

आणि तिथला कायदा? २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याचा अधिकार सरकारला दिला गेला. २०१३ मध्ये संसदेने तो समावेश सरकारवर बंधनकारक केला. काही हिंदू संघटनांनी कडाडून विरोध केला आणि २०१८ मध्ये सरकारने ती तरतूदच मागे घेण्याचे जाहीर केले. इथे जात नाही असे तिकडे सांगायचे आणि तिकडे जात नाही असे कायदेमंडळाला सांगायचे, हा खेळ दोन्ही किनाऱ्यांवर एकच मंडळी खेळतात.

स्थानिक यजमान म्हणजे काय

परक्या माणसाला घरी फुकट ठेवून घेण्याच्या संघटित पद्धती जगात आहेत. १९४९ साली, दुसऱ्या महायुद्धाची राख गरम असताना, डेन्मार्कमध्ये काही युद्धविरोधी तरुणांनी 'सर्व्हास' सुरू केली. विचार साधा होता : ज्याच्या घरी जेवलो त्याच्यावर गोळी झाडणे अवघड जाते. प्रवाशाची आधी मुलाखत होते, त्याला परिचयपत्र मिळते, यजमानांची यादी मिळते. साधारण दोन रात्री मुक्काम, पैशाची देवघेव नाही. २००४ साली 'काउचसर्फिंग'ने हीच कल्पना इंटरनेटवर आणली. २०११ मध्ये ती नफ्यासाठी चालणारी कंपनी झाली आणि २०२० पासून सदस्यांकडून वर्गणी घेऊ लागली. 'बीवेलकम' ही स्वयंसेवकांनी चालवलेली संस्था अजून विनामूल्य आहे.

इथे एक गैरसमज दूर करू. स्थानिक म्हणजे गोरा नव्हे. लंडनचा स्थानिक माणूस ब्रिक्स्टनचा जमैकन निवृत्त ड्रायव्हर असेल, किलबर्नची आयरिश नर्स असेल, व्हाइटचॅपलचा सिल्हेटी दुकानदार असेल. १९४८ साली 'विंडरश' जहाजातून उतरलेल्या कॅरिबियन माणसांनी आणि आयरिश मजुरांनी त्याच शहरात 'खोली आहे, पण तुमच्यासाठी नाही' अशा पाट्या वाचल्या. १९६८ च्या वंशसंबंध कायद्याने घरांच्या बाबतीतला हा भेद बेकायदेशीर ठरवला. आजोबांना पाटी दाखवली गेली, त्यांचा नातू आज दार उघडतो. अशा घरात आपली गोष्ट समजावायला भाषांतर कमी लागते.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांचा : हे श्रीमंतांचे चोचले आहेत, वस्तीत पाणी नाही आणि तुम्ही लंडनच्या पाहुणचारावर बोलता. आम्ही विचारतो, लंडनला आठवडाभर हॉटेलात राहणे श्रीमंताला परवडते की शिष्यवृत्तीच्या पहिल्या हप्त्याची वाट पाहणाऱ्याला? घराची गरज गरिबालाच जास्त. शिवाय जग पाहणे, जगाशी बोलणे ही फक्त सवर्णांची मिरास आहे असे कुणी ठरवले?

दुसरा आक्षेप खरा आहे : तिकडे वंशद्वेष नाही काय? आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेत 'एअरबीएनबी'वर केलेला, २०१७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगतो की कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाच्या पाहुण्याला होकार मिळण्याची शक्यता सुमारे १६ टक्क्यांनी कमी होती. इंग्लंडमध्ये २०१६ पासून भाडेकरूची राहण्याची कागदपत्रे तपासणे घरमालकावर बंधनकारक आहे. त्याची झळ परक्या चेहऱ्याला आधी बसते. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये जिथे राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. तिथल्या स्मारकालाही काही शेजाऱ्यांनी हरकत घेतली, कॅम्डनच्या स्थानिक प्रशासनाने परवानगी नाकारली, आणि २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने अपिलात मान्यता दिल्यावरच ते टिकले. म्हणून पश्चिमेची आरती ओवाळायची नाही. नकार आला तर तो नोंदवायचा, तक्रार करायची, पुढचे दार ठोठवायचे. भेद तिथेही आहे, पण तो धर्माज्ञा म्हणून मिरवला जात नाही. त्याविरुद्ध लढणारे त्याच समाजात उभे राहतात. त्यांच्याशी नाते जोडायचे आहे.

तिसरा प्रश्न मुलींच्या सुरक्षिततेचा. यावर भाबडेपणा नको. यजमानाबद्दल आधी राहिलेल्या स्त्रियांचे अभिप्राय वाचा. पहिली भेट बाहेर, चहाच्या दुकानात. पत्ता दोन मैत्रिणींकडे असू द्या. वसतिगृहात एक रात्र काढण्याइतके पैसे वेगळे ठेवा आणि मनात शंका आली की संकोच न करता बाहेर पडा. पाहुणचाराच्या ओझ्याखाली गप्प बसणे हा आपला धर्म नाही. आणि हाच सगळा सावधपणा 'आपल्या माणसां'च्या घरीही पाळा. नात्यातला माणूस म्हणून कोणतीच मुलगी आपोआप सुरक्षित होत नाही.

टेबलावर काय बोलायचे?

आमच्या मते स्थानिक यजमानाकडे राहण्याचे सर्वात मोठे कारण इथे आहे. यजमान जेवताना विचारतोच : भारत कसा आहे? त्याच्या टेबलावर आपल्याआधी जे भारतीय बसून गेले त्यांनी त्याला योग सांगितला, गांधी सांगितले, मसाले आणि एकत्र कुटुंब सांगितले. जात विचारलीच तर 'ते जुन्या काळी होते, आता आरक्षणामुळे उलटा अन्याय होतो' असे सांगितले. कित्येक दशके भारताच्या वतीने बोलण्याचा मक्ता त्यांच्याकडे आहे. सभागृहातला माइक आपल्याला क्वचित मिळतो. स्वयंपाकघरातले टेबल मात्र रोज मिळू शकते.

केंद्र सरकारने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. म्हणजे परदेशात जा, पण स्वतःच्या समाजाबद्दल संशोधन करू नका! ज्या सरकारला आपल्या तोंडून भारत ऐकवायचा नाही, त्याला उत्तर देण्याची एक जागा हे टेबलही आहे.

तेव्हा तिथे लाजू नका. गावकुसाबाहेर वस्ती का असते ते सांगा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात काय घडले ते सांगा. केवळ दुःखाची यादी वाचू नका. आपण दया मागायला आलेलो नाही. शाळा कशा काढल्या, संविधान कुणी लिहिले, भीमजयंतीला गल्ली कशी उजळते, हेही सांगा. मग त्यालाही विचारा. १९८४-८५ च्या खाण कामगारांच्या संपात तुमचे घर कोणत्या बाजूला होते? २०१७ मध्ये ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसे गेली, ती बहुतेक कोण होती? अमेरिकेच्या ड्यू बॉईस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले ते त्यांच्या लढ्यातून शिकण्यासाठी. ऐकणे आणि सांगणे दोन्ही केले तर पाहुणा प्रतिनिधी होतो. आणि एक दिवस ओटा ताब्यात घेऊन सुक्या बोंबलाचे कालवण करा. ज्या वासावरून इथे घर नाकारले जाते, त्या वासावर तिथे दुसऱ्यांदा ताट पुढे येताना पाहणे हा वेगळाच आनंद आहे.

आता आपली पाळी

पाहुणा होणे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे यजमान होण्याचे आहे, आणि तो वारसा आपल्याकडे आहे. गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात तेव्हा नागपूरच्या वस्त्या जेवण रांधतात, अनोळखी माणसाला पाणी, सतरंजी, अंगण देतात. ६ डिसेंबरला मुंबईतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पंधरा माणसे झोपतात. तिथे कुणी देव नसतो. 'जय भीम' एवढी ओळख पुरते.

अमेरिकेत हार्लेमच्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या पोस्टमनने १९३६ साली 'ग्रीन बुक' काढले. कृष्णवर्णीय प्रवाशाला कुठे खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, त्याची ती यादी. हॉटेले बंद होती त्या गावांत साध्या कुटुंबांनी आपली घरे त्या यादीत दिली. १९६४ चा नागरी हक्क कायदा येऊन गेला तोवर ते पुस्तक वाट दाखवत राहिले. आपले ग्रीन बुक कुठे आहे?

आमची मागणी कुणा सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. परदेशात स्थिरावलेल्या प्रत्येक आंबेडकरी कुटुंबाने वर्षातले निदान दहा दिवस नव्या विद्यार्थ्यासाठी राखावेत. इंग्लंडमधले बुद्ध विहार, आंबेडकरी मंडळे आणि रविदास सभा यांनी मिळून यजमानांची एक यादी ठेवावी, फोन क्रमांक उघड्यावर न टाकता, नीट ओळख पटवून. आणि नागपूरच्या इंदोऱ्यात, घाटकोपरच्या रमाबाई नगरात जो परदेशी अभ्यासक येतो तो हॉटेलात उतरून दोन तास वस्ती 'पाहून' जातो. त्याला आपल्या घरी ठेवून घ्या. नळाला पाणी येण्याची वेळ त्याला कळू द्या.

या यादीला एकच अट असावी : जात विचारायची नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण 'आपला माणूस' म्हणताना आपल्यातही पोटजात डोकावते. महार, मांग, चांभार अशी चाचपणी आपल्याच बैठकांत होते आणि सगळे ऐकून न ऐकल्यासारखे करतात. मातंग मुलीला, आदिवासी मुलाला, मुस्लिम विद्यार्थिनीला त्या यादीतल्या प्रत्येक दारात तोच चहा आणि तीच गादी मिळाली पाहिजे. उद्या एखादा ब्राह्मण तरुण जात सोडून दार ठोठावत आला तर त्यालाही. तसे होणार नसेल तर आपण वेम्बलीच्या घरमालकाची पाटी उतरवून आपल्या दारावर लावत आहोत.

बुद्धाने मैत्री शिकवली ती ओळखीच्या माणसापुरती नव्हती. ज्याचे आडनाव आपल्याला ठाऊक नाही, ज्याची भाषा येत नाही, त्याला आत घेऊन ताट वाढणे म्हणजे मैत्री. पाहुण्याला देव करणाऱ्या संस्कृतीने आपल्याला दाराबाहेर ठेवले. आपण पाहुण्याला माणूस समजू, आणि दार उघडे ठेवू.

जय भीम!